मुलगा पुण्याला हॉस्टेलला चाललाय, सहा आठवड्यांत काय काय शिकवू?

त्रिमूर्तीनगरची_आई

नमस्कार सगळ्यांना, पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगते. मुलगा यंदा बारावी झाला, सीईटी बरी गेली, कॅप राउंडमध्ये पुण्याचं एक कॉलेज जवळपास पक्कं आहे. ब्रांच त्याला पाहिजे तीच मिळून राहिली म्हणून आम्हीच नागपूरचा हट्ट सोडला. (नागपुरात काय कॉलेजं कमी आहेत का हे कृपया कोणी लिहू नका, घरी सासऱ्यांचं रोज ऐकून राहिली मी.) ऑगस्टच्या शेवटी जावं लागेल असं दिसतंय, म्हणजे हातात सहा आठवडे.

आता मुद्दा. मागच्या शनिवारी आम्ही दोघं अमरावतीला बारशाला गेलो, हा एकटा घरी, दोनच दिवस. पहिल्या दिवशी टिल्लू पंप चालू करून पोट्टा हेडफोन लावून बसला, टाकी भरली, पाणी जिन्यावरून खालच्या काकूंच्या दारात. दुसऱ्या दिवशी दूध गॅसवर ठेवून विसरला. रात्री साडेदहाला फोन, आई मशीनमध्ये पावडर कोणत्या खणात टाकायची. इथपर्यंत मी हसण्यावारी नेलं. पण सोमवारी बँकेत गेलो तर तिथं फॉर्मवर सही करायची वेळ आली अन् हा माझ्याकडं पाहून विचारतो, "आई, माझी सही कशी आहे?" काउंटरवरची मुलगी हसली, मला काही हसू आलं नाही. इंटिग्रेशनची गणितं तोंडावर सोडवतो अन् सतरा वर्षांचा झाला तरी स्वतःची सही नाही त्याला.

चूक आमचीच आहे हो. दोन वर्षं ट्यूशन, टेस्ट सिरीज, पहाटे उठवणं, डबा हातात देणं, टॉवेलसुद्धा बाथरूमच्या दांडीवर मीच टाकायची. तू फक्त अभ्यास कर असं म्हटलं आम्ही अन् त्यानं ते अगदीच मनावर घेतलं.

तर विचारायचं हे की ज्यांची मुलं बाहेर गेलीत त्यांनी जायच्या आधी काय शिकवलं? स्वयंपाक कुठपर्यंत? पैसे दर महिन्याला एकदम द्यायचे की लागतील तसे? फोनवर लोकेशन चालू ठेवायचं का, यावरून आमच्या घरी वाद चालू आहे. आमचे हे म्हणतात गेला की शिकेल आपोआप. मला झोप नाही. एखादी यादी असेल तर टाका, मी प्रिंट काढून फ्रिजवर लावते.

पुण्यातला_वैदर्भीय

काकू नमस्कार, मी मानेवाडा रोडचा, पुण्यात सेकंड इयरला आहे. कपडे धुणं वगैरे पहिल्या आठवड्यात येते, त्याचं एवढं टेन्शन नका घेऊ, युट्यूब आहे, रूममेट आहेत, नाहीच जमलं तर गल्लीत इस्त्रीवाला आहे.

मला जड गेलं ते वेगळंच होतं. मेसमध्ये एकट्यानं ताट घेऊन बसणं. घरी मी कधी एकटा जेवलोच नव्हतो न, आई समोर बसून असायची, नाही तर टीव्ही तरी. पहिले दहा-बारा दिवस मी ताट घेऊन रूमवर पळायचो, कधी बिस्किटावर भागवायचो, अन् आईचा फोन आला की हो जेवलो, मस्त आहे मेस. तिनं रोज एकच प्रश्न विचारला, जेवलास का, अन् मी रोज एकच उत्तर दिलं. कोणासोबत जेवला असं विचारलं असतं तर मी पकडल्या गेलो असतो.

दुसरं म्हणजे बोलणं. मी "काय करून राहिला बे" म्हटलं की अख्खी रूम हसायची. वाईट मनानं नाही, पण महिनाभर मी प्रत्येक वाक्य आधी डोक्यात तपासून बोलायचो, थकून जातो माणूस. भाजीवाल्याकडं दहाचा सांबार मागितला तर तो म्हणे बाजूच्या अण्णाकडे मिळेल. आपल्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर हे तिथं कोणाच्या गावी नाही. आता रूममेट (एक सांगलीचा, एक नाशिकचा) दोघंही "बे" म्हणतात, सांगलीवाला तर नको तिथं म्हणतो.

तर काकू, त्याला आत्तापासून अनोळखी माणसाशी बोलायची कामं द्या. मेट्रोनं सीताबर्डीला पाठवा, चष्म्याची काच बदलून आण म्हणा, भाव करू द्या, फसू द्या पन्नास रुपयांनी. डॉक्टरकडं गेला तर तुम्ही बाहेर बसा, त्याचं दुखणं त्याला सांगू द्या.

आणि दिवाळीचं तिकीट! रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ ला, तारीख मोजून कॅलेंडरवर गोल करून ठेवा. मागच्या वेळी मी दोन दिवस उशीर केला अन् मग ट्रॅव्हल्सला इतके पैसे दिले की बाबा आठवडाभर बोलले नाही. अजनीहून वंदे भारत आहे ऑगस्ट २०२५ पासून, पण ती बारा तास बसून, पाठ आखडते. रात्रीची स्लीपर गाडी मिळाली तर तीच बरी.

वर्धारोडवाला_बाबा

ताई, भावना नंतर, आधी कागद. लेकीच्या वेळी जे भोगलं ते सांगतो.

पहिलं आधार. त्याच्या आधारला मोबाईल नंबर कोणाचा आहे पाहा. शंभर टक्के मिस्टरांचा असेल. पोरगा पुण्यात कॉलेजच्या ऑफिससमोर उभा, ओटीपी नागपुरात बापाच्या फोनवर, बाप मीटिंगमध्ये. आमचं हे तीनदा झालं. आधार केंद्रावर नेऊन त्याचा स्वतःचा नंबर टाकून घ्या, अन् पंधरा वर्षांनंतरचं बायोमेट्रिक अपडेट राहिलं असेल तर तेही त्याच फेरीत. डिजिलॉकरमध्ये दहावी-बारावीच्या मार्कशीट आणून ठेवा. ओरिजिनल कागदांचे झेरॉक्स सेट दोन, एक त्याच्याकडं एक तुमच्याकडं, अन् टीसी, डोमिसाईल, लागू असेल तर नॉन क्रिमिलेयर, सगळ्याचे स्कॅन मेलवर. नॉन क्रिमिलेयर पुढच्या ३१ मार्चपर्यंत व्हॅलिड असलेलं लागते, लोक जुनं घेऊन जातात अन् मग पळापळ.

पॅन कार्ड काढलं असेल तर ते मायनरचं असेल, त्यावर फोटो अन् सही नसते, अठरा झाल्यावर अपडेट करावं लागते. सहीचं म्हणाल तर तुमच्याच घरची गोष्ट नाही ही. आमच्या मॅडमनी, म्हणजे लेकीनं, बँकेत एक सही केली, महिन्यानं दुसऱ्या फॉर्मवर भलतीच, अर्ज परत आला. मी तिला वहीत पन्नास वेळा करायला लावली, शिक्षा म्हणून नाही, हात बसावा म्हणून.

पैशाचं. एकदम देऊ नका, पहिल्या महिन्यात दहा तारखेला संपतात. यूपीआय सर्कल म्हणून सोय आहे, खातं तुमचं, तो जोडलेला, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० अन् एका वेळी ५,००० ची मर्यादा, त्याच्या आत तुम्ही कमी लावू शकता. कुठं खर्च झाला ते दिसते. आम्ही सहा महिने हे केलं, मग तिच्याच खात्यात दर सोमवारी ठरलेली रक्कम टाकायला लागलो. सोमवारी मुद्दाम, कारण शनिवारी टाकले की रविवारी उडतात. फ्रॉड झाला तर १९३०, हा नंबर फोनमध्ये सेव्ह पाहिजे, लगेच लावला तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

गाडी मागेल. नाही म्हणा. मायनरनं गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५,००० दंड अन् तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभरासाठी रद्द. आपल्या इथं ट्यूशन सुटली की रस्त्यावर जे ट्रिपल सीट चित्र दिसते ते पाहून मला अजून धडकी भरते, अन् त्या गाड्या आपणच घेऊन दिलेल्या असतात.

लोकेशन चालू ठेवा. त्यात वाद कसला.

रेक्टरबाई_निवृत्त

वाद आहे, म्हणून लिहिते. मुलींच्या हॉस्टेलवर अठरा वर्षं काढली मी. लोकेशनवाल्या मुली फोन खोलीत चार्जिंगला लावून बाहेर जायच्या. घरी आईला वाटायचं लेक झोपली आहे, अन् लेक फोनशिवाय रात्री बाहेर, म्हणजे अडचण आली तर कोणाला कळवायची सोयच नाही. प्रवासात चालू ठेव, रात्री उशीर होणार असेल तर चालू ठेव, एवढं त्याच्याशी बोलून ठरवा. त्याला न विचारता लपून लावलं अन् त्याला कळलं, तर पुढची चार वर्षं तो तुम्हाला खरं सांगणार नाही.

आता ताई तुमच्या पोस्टबद्दल. रागावू नका. दूध उतू गेलं असं लिहिलंत. ओटा कोणी पुसला?

त्रिमूर्तीनगरची_आई

मीच पुसला. रात्री आल्या आल्या. जिना पण मीच पुसला अन् काकूंना सॉरी पण मीच म्हटलं.

रेक्टरबाई_निवृत्त

तेच म्हणते मी. दरवर्षी ऍडमिशनच्या दिवशी हेच पाहायची. आई गादीवर चादर घालते, कपाटात पेपर अंथरते, डब्यांवर नावं चिकटवते, शेंगदाणे, रवा, साखर. मुलगी दाराशी फोन पाहत उभी. दिवाळीच्या सुमारास खोल्या तपासायला गेलं की चिठ्ठ्या तशाच असायच्या अन् डब्यात चार्जर. एक मुलगी होती, यवतमाळकडची, तिचे वडील शेतकरी, ते आले, ट्रंक खाली ठेवली, म्हणाले बाई मी खाली चहा पितो, तिचं झालं की सांगा. तिनं स्वतः सगळं लावलं, दोनदा उचकटून पुन्हा लावलं. त्या मुलीच्या खोलीत मला कधी जावं लागलं नाही.

यादी फ्रिजवर तुम्ही लावणार, वाचणार पण तुम्हीच. त्यापेक्षा हे सहा आठवडे घरातली दोन कामं पूर्ण त्याची करून टाका, अर्धी नाही. उदाहरणार्थ पाणी अन् दूध. टाकी भरली नाही तर घरात कोणाची अंघोळ होणार नाही, त्याची पण नाही. तुम्ही आठवण करायची नाही. हे कठीण आहे, त्याला नाही, तुम्हाला.

स्वयंपाक म्हणाल तर वरण-भाताचा कुकर, आलूची भाजी, अंडं, कणीक भिजवता आली तर उत्तम, बस. बाकी त्याला भूक शिकवेल.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट बोला, त्यात लाजू नका. पहिली रॅगिंग. दरवर्षी ऍडमिशनला अँटी रॅगिंगचं हमीपत्र भरावं लागते, मुलाचं वेगळं, पालकांचं वेगळं. बहुतेक पालक न वाचता भरतात. वाचा, त्याच्यासोबत बसून वाचा. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. यूजीसीची हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. सिनियरनं गाणं म्हणायला लावलं एवढ्यावरून लगेच फोन लाव असं मी नाही म्हणत, पण रात्री खोलीत बोलावणं, पैसे मागणं, अंगाला हात लावणं, यात थांबायचं नाही.

दुसरी दारू. आमच्याकडं नाही चालत हे एवढं म्हणून पालक मोकळे होतात. महाराष्ट्रात बिअरला २१ अन् कडक दारूला २५ वय लागते, हे मुलांना माहीतच नसते, त्यांना वाटते अठरा झालं की मोकळं. कायदा सांगा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे रात्री कुठं अडकलास तर फोन कर, त्या रात्री मी काही बोलणार नाही, हे सांगा. अन् मग खरंच त्या रात्री बोलू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी बोला. माझ्याकडं ज्या मुली अडचणीत आल्या त्यातल्या बहुतेक घरी कळेल या भीतीनं दोन-दोन दिवस गप्प बसल्या होत्या.

तर्रीबाज

चिवडा देऊ नका, रूममेट एका रात्रीत संपवतात. द्यायचाच तर दोन डबे द्या, एक दाखवायचा एक लपवायचा. संत्रा बर्फी पहिल्या दिवशी अख्ख्या मजल्याला वाटायची, चार वर्षं नोट्स मिळतात. एवढंच माझं योगदान.

सिस्टर_इंदोरा

मी नर्स आहे म्हणून फक्त माझ्या कामाचं लिहिते. मुलगा अठराचा कधी होतो? अजून वेळ असेल तर तोपर्यंत काही ऑपरेशन वगैरे लागलं तर पालकाची संमती लागते, नागपूरहून पोचायला रात्र जाते, म्हणून पुण्यात जवळचं कोणी असेल तर त्यांचा नंबर हॉस्टेलला अन् मुलाला दोघांना द्या. मेडिक्लेमच्या कार्डाचा फोटो त्याच्या फोनमध्ये. ब्लड ग्रुप त्याला पाठ पाहिजे, अन् कशाची ऍलर्जी असेल तर औषधाच्या नावासकट. तुम्हाला वाटते माहीत असेल, विचारून पाहा.

औषधांचा डबा देताना वीस प्रकार देऊ नका, गोंधळ होतो. थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएस, बँडेज. पावसाळ्यात जाऊन राहिला, डेंग्यूचे दिवस असतात, ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्यायची, डेंग्यूची शंका असेल तर ब्रूफेन, ऍस्पिरिन बिलकुल नाही, रक्तस्राव वाढू शकतो. ताप दोन दिवसांवर गेला की डॉक्टर, अन् ताप उतरला तरी पोट खूप दुखलं किंवा उलट्या चालू राहिल्या तर लगेच, कारण डेंग्यूत ताप उतरतानाच प्रकरण बिघडते. रूममेटला पण सांगून ठेवा, आजारी माणूस स्वतःहून उठत नाही.

आणि मन बरं नसेल तर १४४१६, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते. वरच्या त्या दादानं मेसमध्ये एकटं बसण्याचं लिहिलं ते वाचून मला आमचा लेक आठवला. त्यानं आम्हाला दीड वर्षानं सांगितलं.

वर्धारोडवाला_बाबा

रेक्टरबाई, लोकेशनचं तुमचं पटलं नाही पण फोन चार्जिंगला लावून जायचं वाचून रात्री लेकीला विचारलं. हसली. उत्तर दिलं नाही.

त्रिमूर्तीनगरची_आई

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, सगळ्यांचे खूप आभार. ऍडमिशन झाली, २४ ला निघायचं.

फ्रिजवर यादी लावली नाही. पाणी अन् दूध त्याच्याकडं दिलं. पहिल्या मंगळवारी टाकी रिकामी, आमच्या ह्यांची ऑफिसची वेळ, बाथरूममधून आरडाओरडा, अन् मी खालच्या काकूंकडं जाऊन बसली, कारण घरात राहिली असती तर मीच पंप लावला असता. हे बादली घेऊन खाली आले अंघोळीला पाणी मागायला. काकूंना सगळं सांगितलं तर त्या म्हणे मागच्या वेळचं सॉरी पण त्याच्याकडूनच पाठवायचं होतं न. संध्याकाळी पाठवला. अर्धा तास आला नाही, मी घाबरली, तर तिथं बसून गोळाभात खाऊन राहिला होता. आता मोबाईलवर अलार्म लावतो पंपाचा. दूध आणखी एकदा उतू गेलं. ओटा त्यानं पुसला, म्हणजे दूध ओट्यावरून गॅसच्या खाली ढकललं. मी काही बोलली नाही, तिसऱ्या दिवशी वास यायला लागला तेव्हा त्यालाच कळलं.

आधारला त्याचा नंबर टाकून झाला. ब्लड ग्रुप विचारला, सिस्टर तुम्ही बरोबर होत्या, त्याला बी पॉझिटिव्ह वाटत होता, आहे ओ.

नॉन क्रिमिलेयरची पावती भरली होती, ओरिजिनल आणायचं होतं, एकट्याला पाठवला सेतूत. आधी एकदा रिकामा परत आला, पावतीच घरी विसरला होता. मी म्हटलं चल मी येते, तो म्हणे नको, मलाच बघू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, रांगेत दोन तास उभा राहिला, घेऊन आला. तिथं कोणी मौद्याचा मुलगा भेटला, त्याच कॉलेजला चाललाय, दोघांनी नंबर घेतले, दिवाळीचं तिकीट सोबत काढायचं ठरलं म्हणे. कॅलेंडरवर गोल त्यानंच केला.

सहीची प्रॅक्टिस चालू आहे, दूधवाल्याच्या कार्डावर, पेपरच्या कडेला, सगळीकडं. काल कुरियर आला, त्यावर केली. पावतीवर एक अन् आजोबांच्या पार्सलवर दुसरी, दोन्ही वेगळ्या. कोणती खरी विचारलं तर म्हणे वरची, खालची घाईत झाली.

तर्रीबाज

काकू, चिवड्याचे डबे किती दिले ते सांगितलं नाही.

त्रिमूर्तीनगरची_आई

तीन.